लाल दांडी कुणी फिरवली?

“बंद कर! अरे मारोती, बंद कर ते आधी!”

आदिनाथराव घाटाच्या पायरीवरून असे ओरडले, की धुणं धुणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. पण बोटीतला आवाज त्यांच्याहून मोठा होता. पत्र्याच्या डब्यात खडे भरावेत आणि कुणीतरी अंगात आल्यासारखा तो डबा हलवावा, तसा! मारोतीमामांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. खडखड थांबली. जळक्या तेलाचा उग्र वास तेवढा घाटावर पसरला.

महामाया कालच लातूरहून सुट्टीसाठी नांदेडला मावशीकडे आली होती, ती खास ही बोट बघायला. गोदावरीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता, आणि ती सगळी जलपर्णी खाऊन टाकणारी ही बोट! पुढे दात असलेला लांब पट्टा, दोन्ही अंगांना पाणी कापणारी चाकं. आणि पट्टा, चाकं या सगळ्यांना फिरवणारा हायड्रॉलिक पंप बोटीच्या डिझेल इंजिनला कुणी बसवला होता? तिच्या मंजुश्रीमावशीनं!

आता तोच पंप खडखडून मेला होता.

“बघितलंत?” आदिनाथराव जमलेल्या लोकांकडे वळले. नदी साफ करायचं काम घेतलेल्या कंपनीचे ते सुपरवायझर. “मी पहिल्यापासून सांगून राहिलो होतो! बाईमाणसानं लाटणं धरावं. पाना धरला की हे असं होतं!”

दोघंतिघं फिदीफिदी हसले.

महामायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे सरसावणार, तोच तिच्या दंडाला कुणीतरी घट्ट धरलं. मावशीचा मुलगा अश्वजित. वय अकरा, पण पकड पैलवानाची.

“ताई, थांब. आई बघतीय आपल्याकडं.”

मंजुश्रीमावशी खरंच बघत होती. तिचा चेहरा शांत होता. एवढंच, की ओठ आवळून आवळून पांढरे पडले होते.

तासाभरात अमरनाथकाका आले. मावशी ज्या वर्कशॉपमध्ये फिटर होती, त्याचे ते मालक. ते थेट बोटीत उतरले. मावशी त्यांच्या मागे, आणि मावशीच्या मागे पोरं.

अमरनाथकाकांनी टाकी बघितली. तेल काठोकाठ. इंजिन आणि पंप यांची जोडणी बघितली. नीट. मग त्यांची नजर टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीवर गेली, आणि ते थांबले.

नळीवर एक व्हॉल्व्ह होता. त्याची लाल दांडी खुंटीसारखी बाहेर आली होती.

“मंजुश्री,” ते हळूच म्हणाले, “व्हॉल्व्ह बंद आहे.”

“मी उघडला होता, साहेब. मंगळवारी पंप बसवला, बुधवारी अर्धा तास चालवून बघितला. मारोतीमामा साक्षीला आहेत.”

“बुधवारी चालला. मग चाचणी झाल्यावर तू व्हॉल्व्ह बंद केलास, आणि नंतर उघडायचं राहिलं. पंपाला तेल मिळालं नाही. कोरडा फिरला आणि आतून खाल्ला गेला.”

“माझं राहिलं नाही.”

“मग दांडी काय आपोआप फिरली?”

अमरनाथकाका वाईट माणूस नव्हते. पण घाटावर कंपनीचे लोक ताटकळले होते, आणि घाईत असलेल्या माणसाला जवळचं उत्तरच खरं वाटतं.

“रविवारी नवा पंप मी स्वतः बसवीन,” ते म्हणाले. “सोमवारपासून तू काउंटरवर बस. पाना आता खाली ठेव.”

पाना खाली ठेव! उमरीहून रोजच्या बसनं येऊन-जाऊन मावशीनं आयटीआय केलं होतं. वर्गात बावीस पोरं आणि ही एकटी. त्यानंतर अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, तेव्हा कुठं बोटीच्या इंजिनाला हात लावायला मिळाला. आणि आता पाना खाली ठेव!

महामायाला रडू येत नव्हतं. तिला राग येत होता, आणि रागात तिची नजर फार धारदार व्हायची. त्या लाल दांडीकडे ती डोळे वटारून बघत होती, म्हणूनच तिला ते दिसलं. दांडीच्या टोकाला काळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. बोटभर लांब. गाठ मारलेला.

“अश्वजित,” ती कुजबुजली, “मावशी दांडीला दोरा बांधते?”

“छे! आई म्हणते, यंत्राच्या अंगावर लोंबतं काही ठेवायचं नाही.”

“मग हा कुणी बांधला?”

*

संध्याकाळी दोघं शेजारच्या रुद्रेशला घेऊन पुन्हा घाटावर आली. रुद्रेश महामायाच्याच वयाचा. त्याची आई गंगम्माकाकू घाटाच्या रस्त्यावर फुलं आणि पूजेचं सामान विकायची.

“लातूरकरांना बोटीतलं काय कळतंय?” रुद्रेशनं सुरुवात केली. “तुमच्याकडं तर प्यायचं पाणीच रेल्वेनं आलं होतं!”

“आलं होतं. आणि एक थेंब सांडला नव्हता. तुमच्याकडं अख्खी नदी आहे, तर तिच्यावर रान उगवून बसलंय!”

“भांडा,” अश्वजित म्हणाला. “तिकडं माझी आई उद्या पाना पुसून पेटीत ठेवणारय. तुम्ही भांडा.”

तिघं पायऱ्या उतरू लागली.

मारोतीमामा बोटीच्या काठावर बसून होते. बोट चालवायचं काम त्यांचं. पोरांना बघून त्यांनी मान खाली घातली.

“मामा, खरं सांगा,” महामाया समोर उभी राहिली. “बुधवारी पंप चालला होता?”

“हाव. लई झ्याक चालून राहिला होता. चाकं अशी फिरत होती की बघत बसावं.”

“मग मावशीनं व्हॉल्व्ह बंद केला?”

“ते म्या न्हाई बघितलं. झूट कशाला बोलू?”

“बुधवारनंतर बोटीला कुणी हात लावला?”

“कुणी बी न्हाई. किल्ली माझ्यापाशी हाय. आजपत्तोर कुणी हात लावला न्हाई.” मारोतीमामांनी जरा विचार केला. “काल फक्त पूजा झाली.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“पूजा? कुणी केली?”

“आदिनाथसाहेबांनी. गुरुवारचा मुहूर्त होता न्हवं का. हार घातला, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. आज पंप बिघडला तर म्हणले, नजर लागली, काढून फेक ते लिंबू. म्या फेकलं.”

“लिंबू बांधलं कुठं होतं, मामा?”

“आता ते कोण ध्यानात ठिवतंय, माय! पूजा म्हणजे काय मशिनीला हात लावणं हाय का?”

महामायाला वाटलं, आपल्या कानशिलात ढोल वाजतोय. कुणी हात लावला नाही. फक्त पूजा झाली! या घाटावरच्या कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं हेच सांगितलं असतं, आणि मनापासून सांगितलं असतं.

“रुद्रेश, हार कुणाकडचा असेल?”

“आणि कुणाचा?” रुद्रेशनं कॉलर ताठ केली. “या रस्त्याला झेंडूचा हार म्हणजे आमच्या अव्वाचाच!”

*

गंगम्माकाकूंचा तो उपवासाचा दिवस होता. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर झेंडूची रास आणि हातात सुई. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांची सुई थांबली नाही.

“फोटो हाय की,” त्या म्हणाल्या. “आदिनाथानंच पाठवला. ‘काकू, हार लई शोभला’ म्हणून. थांबा.”

मोबाइलवर फोटो उघडला. हार घातलेलं इंजिन, शेजारी हात जोडलेले, हसरे आदिनाथराव. आणि मधोमध, अगदी समोर, लिंबू-मिरची टांगलेली. लाल दांडीला! दांडी बाहेर आलेली, खुंटीसारखी!

“सापडलं!” अश्वजित जागच्या जागी उडाला. “आईनं मला शिकवलंय. दांडी नळीच्या अंगानं असली की वाट उघडी. नळीला आडवी आली की वाट बंद. ही बघ आडवी! लिंबू टांगायला खुंटी पाहिजे म्हणून त्यांनीच फिरवली!”

“चला!” महामाया ओरडली.

तिघं धापा टाकत वर्कशॉपमध्ये पोचली. अमरनाथकाकांनी चष्मा लावून फोटो बघितला. बोटांनी मोठा करून बघितला.

“पोरांनो,” काका सुस्कारा टाकून म्हणाले, “यात दांडी आडवी दिसते. पण ती फिरवली कुणी, हे कुठं दिसतंय? मंजुश्रीनं बुधवारी बंद केली असेल, तर गुरुवारी आडवीच दिसणार. आयती खुंटी दिसली, त्यानं लिंबू बांधलं. हा फोटो तर उलट तिच्याच विरुद्ध जातो.”

महामायानं मोबाइल परत घेतला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! जो पुरावा तिनं वाघासारखा झेप घालून धरला होता, त्यानंच तिच्या मावशीला बोचकारलं होतं.

“पण मावशी खोटं बोलत नाही!”

“खोटं म्हणत नाही मी. विसरली म्हणतो.”

“ती विसरतही नाही!”

“लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, बेटा. घरी जा.”

बाहेर आल्यावर महामायानं रस्त्यातल्या दगडाला अशी लाथ मारली, की चप्पल दगडाच्याही पुढे जाऊन पडली. रुद्रेशला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं, आणि गुपचूप चप्पल आणून दिली.

“एक सांगू?” थोड्या वेळानं अश्वजित म्हणाला. “आदिनाथकाकांना आपण काय फिरवलं, ते तरी माहीत असेल का?”

“म्हणजे?”

“म्हणजे व्हॉल्व्ह कशाला म्हणतात, हेच त्यांना माहीत नसेल तर?”

*

शनिवारी सकाळी आदिनाथराव घाटावर खुर्ची टाकून बसले होते. अश्वजित अगदी साळसूद चेहरा करून त्यांच्यापाशी गेला.

“काका, शाळेत प्रकल्प द्यायचाय. बोटीतला व्हॉल्व्ह कुठला असतो?”

“एवढंही माहीत नाही? आई फिटर ना तुझी!” आदिनाथराव खुशीत हसले. खुर्चीतून न उठताच त्यांनी बोटीकडे बोट केलं. “तो बघ. तो काळा गोल डबा. तो व्हॉल्व्ह. आईला सांग, नीट बघून घे म्हणावं!”

तो काळा डबा तेलाचा फिल्टर होता.

अश्वजित परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. “ताई, त्यांना काहीसुद्धा माहीत नाही! आणि त्यांनी माझ्या आईला...” त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“रडू नको,” महामाया दात-ओठ खाऊन म्हणाली. “उद्या रविवार आहे. नवा पंप, नवा मुहूर्त. म्हणजे पूजा पुन्हा होणार. हो ना रे, रुद्रेश?”

“होणारच. अव्वाला हाराची ऑर्डर आलीय.”

“मग लिंबू-मिरचीपण आपणच नेऊन देऊ!”

बेत ऐकून गंगम्माकाकूंनी पहिल्यांदा सुई खाली ठेवली.

“शिवा शिवा! देवाला फसवायचं?”

“देवाला नाही, काकू. आदिनाथकाकांना.”

काकूंनी डोळे मिटून क्षणभर गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. मग डोळे उघडले, आणि त्यांत अशी ठिणगी होती की रुद्रेश दोन पावलं मागे सरला.

“रोज पूजा करती मी. पण एका बाईच्या पोटावर पाय देऊन, वर देवाचं नाव पुढं करायचं? घेऊन जा! चांगलं टपोरं लिंबू घेऊन जा!”

*

रविवारी घाटावर गर्दी झाली. कंपनीचे मोठे साहेब आले, माइक आला. अमरनाथकाकांनी पहाटेपासून खपून नवा पंप बसवला होता. मंजुश्रीमावशी लांब, वरच्या पायरीवर उभी होती. बोटीवर यायची तिला मनाई होती. घाटावर यायची नव्हती, म्हणून ती आली होती.

“अमरनाथकाका,” महामायानं काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आज व्हॉल्व्ह उघडा आहे ना?”

“हा बघ.” काकांनी लाल दांडीवर थाप मारली. ती नळीच्या अंगानं सरळ होती. “माझ्या हातानं उघडलाय. झालं समाधान?”

“आता कुणी हात लावणार नाही ना?”

“कोण लावतंय हात?” आदिनाथराव मध्येच फिसकारले. “आता फक्त पूजा होईल. आण रे ते ताट!”

रुद्रेशनं ताट पुढे केलं. हार घातला गेला. नारळ फुटला. कुणीतरी आरती सुरू केली, आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मोठ्या साहेबांनी मिटले, अमरनाथकाकांनी मिटले, मारोतीमामांनी तर घट्ट मिटले.

आदिनाथराव सोडले, तर उघडे होते फक्त सहा डोळे, आणि रुद्रेशच्या हातातल्या मोबाइलचा कॅमेरा.

त्या सहा डोळ्यांनी बघितलं. आदिनाथरावांनी लिंबू-मिरची उचलली. इकडे धरून बघितली, तिकडे धरून बघितली. नळीवर लावली तर मागे घसरत होती. मग त्यांचा हात सवयीनं लाल दांडीकडे गेला. ‘कट्!’ दांडी आडवी झाली. छान खुंटी मिळाली! त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, लिंबू ऐटीत मधोमध झुलू लागलं, आणि आदिनाथरावांनीही भक्तिभावानं डोळे मिटले.

आरती संपली.

“मारोती, लाव किल्ली!”

त्याच क्षणी महामायाच्या मनात एक काळा विचार उठला. बोलूच नकोस! होऊ दे खडखड! फुटू दे यांचा नवा पंप सगळ्यांच्या देखत! त्यांनी मावशीला हसून घेतलं ना? आता त्यांची फजिती होऊ दे!

मारोतीमामांचा हात किल्लीवर गेला.

तिनं वर बघितलं. मावशी त्या गर्दीकडे बघत नव्हती, साहेबांकडेही नाही. ती त्या नव्या पंपाकडे बघत होती, तापानं फणफणलेल्या लेकराकडे बघावं तशी.

“थांबा!” महामाया बेंबीच्या देठापासून ओरडली. “मामा, हात काढा! कुणी कशाला हात लावू नका! अमरनाथकाका, आता दांडी बघा!”

अमरनाथकाकांनी वळून बघितलं. बघतच राहिले. त्यांनी स्वतः उघडलेली दांडी आडवी झाली होती, आणि तिच्यावर हिरवंगार लिंबू झुलत होतं.

काकांनी बोटानं लिंबू बाजूला सारून दांडी पुन्हा बघितली.

“हे... हे कुणी केलं?”

“कुणी हात लावला नाही, काका,” महामाया म्हणाली. तिचा आवाज रागानं चिरकत होता. “फक्त पूजा झाली!”

रुद्रेशनं मोबाइल पुढे केला. सगळं चित्रण होतं. ‘कट्!’ हा आवाजसुद्धा.

“मला काय माहीत ती दांडी कशाची आहे?” आदिनाथराव घाम पुसत म्हणाले. “मी तर चांगल्याच हेतूनं... देवाचं काम...”

“ए आदिनाथा!” गर्दीतून गंगम्माकाकूंचा आवाज आला, आणि गर्दी दुभंगून त्यांना वाट मिळाली. “देवानं सांगितलं होतं का, वाल फिरव म्हणून? माहीत न्हाई, तर विचारायचं! विचारायला लाज वाटती, आणि दुसऱ्याच्या लेकीला सगळ्यांम्होरं हसायला लाज न्हाई वाटत? हे खपत न्हाई देवाला!”

मोठे साहेब आदिनाथरावांकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर काही बरी नव्हती.

अमरनाथकाका पायऱ्या चढून मावशीपाशी गेले. “मंजुश्री, चूक माझी. चल खाली.”

मावशी जागची हलली नाही.

“साहेब, पाना खाली ठेव, हे तुम्ही मला बोटीत म्हणालात. पण माझं हसं इथं झालं, या घाटावर.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “ते इथंच परत घ्या.”

अमरनाथकाकांनी मान डोलावली. माइक हातात घेतला. “मंजुश्रीबाईंनी बसवलेला पंप बिनचूक होता,” ते म्हणाले. “शुक्रवारी चूक पंपाची नव्हती आणि त्यांचीही नव्हती. आम्ही न बघता त्यांच्या माथी मारली. मी त्यांची माफी मागतो. आणि आदिनाथराव, तुम्हीही मागा.”

आदिनाथरावांनी मागितली. पहिल्यांदा पुटपुटले.

“ऐकू नाही आलं!” तिन्ही पोरं एका सुरात ओरडली.

दुसऱ्यांदा ऐकू आलं.

मग मावशी बोटीत उतरली. तिनं लिंबाची गाठ अलगद सोडली, लिंबू ताटात ठेवलं, दांडी सरळ केली आणि मारोतीमामांना खूण केली. इंजिन धडधडलं. पंपानं एक लांब, गोल हुंकार भरला. चाकं फिरली, पट्टा फिरला, आणि पाणी निथळणारी जलपर्णी ढिगानं वर येऊ लागली! घाटावर टाळ्यांचा पाऊस पडला.

मोठ्या साहेबांनी पोरांना जवळ बोलावलं. “शाबास! एवढ्या माणसांना जे दिसलं नाही, ते तुम्ही बघितलं. आणि तुला तर, मुली, पंप फुटू द्यायचा होता ना? मला दिसलं तुझ्या तोंडावर.”

“होता,” महामाया फणकाऱ्यानं म्हणाली. “अजूनही थोडा आहे!”

साहेब खो खो हसले. मावशी मात्र हसली नाही. तिनं महामायाच्या केसांवरून हात फिरवला, आणि त्या हाताला तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मावशी काउंटरवर बसली नाही. ती बोटीत वेल्डिंग करत होती. तिनं लाल दांडी तारेनं सरळ जखडून टाकली होती, आणि इंजिनाच्या वरच्या पट्टीला एक छोटा, गोल आकडा जोडत होती.

“हे कशाला?” महामायानं विचारलं.

“लिंबू-मिरची अडकवायला.”

“मावशी! तुला राग नाही येत? आपण तर बांधतही नाही, आणि त्यांच्यासाठी आकडा करतेस?”

“येतो ना राग. फार येतो.” मावशीनं चष्मा वर केला. “पण लोक बांधणारच गं. मग जागा मी ठरवलेली बरी.”

अमरनाथकाका मागे येऊन उभे राहिले होते. आकड्याला त्यांनी बोट लावून बघितलं, ओढून बघितलं.

“पक्का आहे,” ते म्हणाले. “मंजुश्री, कंपनीच्या आणखी चार बोटी यायच्यात, त्यांनाही हा लावू. कागदावर काढून दे. आणि खाली तुझं नाव लिही.”

मावशीनं पाना बाजूला ठेवला, तो फक्त पेन धरण्यापुरता.